पाटीचा तुकडा

२० जून

प्रिय मित्रा,

‘घर झालं का?’ असं तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा ‘होतंय’ म्हणून सुटलो. आता खरंच झालं. मृगाच्या आत कौलं चढली, पडवीत लादी बसली. गवंड्याची आणि वायरिंगची रडगाणी लिहीत नाही. तुझ्या घराच्या वेळी तू मला ऐकवलीस तीच आहेत. आज फक्त टेबलाबद्दल लिहितो.

माजघरावरचा माळा आठवतो ना? जिथल्या आढीतले आंबे आपण पिकायच्या आधीच दाबून दाबून नासवायचो, तो. तो उतरवावा लागला. फळ्यांच्या कडांना जे पांढरं लाकूड होतं त्यात वाळवी शिरली होती. पण फणसाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे चौदा फळ्या धडधाकट निघाल्या. कंत्राटदार म्हणाला, सरपणाला देऊन टाका. हिचं म्हणणं, रत्नागिरीहून तयार टेबल आणू. आप्पा काहीच बोलले नाहीत, नुसते जाऊन त्या फळ्यांच्या ढिगावर बसले. चर्चा संपली.

आप्पा तुला ठाऊक आहेत. माझं अक्षर, माझा भांग, सायकलची मी केलेली दुरुस्ती, सगळं आजोबांच्या कामाशी ताडून पाहिलं गेलं. ‘बाबांच्या कामात सुताचा फरक सापडायचा नाही!’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, बोलणी खाता खाता कळलं. आणि माळा आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेला, म्हणजे तर शेवटचा शब्द.

फळ्या उलट्या केल्या आणि काय सांगू! वरची बाजू गुळगुळीत; खालची नुसती वाकसाने तासून सोडलेली, माशाच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची. एका गाठीचं भोक लाखेने बुजवलेलं. आणि तुळईवर जिथे फळी टेकत नव्हती तिथे फटीत दगडी पाटीचा एक तुकडा ठोकलेला.

आप्पांनी तो तुकडा लुंगीला पुसला. एका अंगाला दुरेघी रेघा होत्या. म्हणाले, ‘ही माझी पाटी. फुटली म्हणून मार खाल्ला होता मी.’ मग बराच वेळ त्या खवल्यांवरून बोट फिरवत बसले. ‘म्हणजे फट राहिली होती तर,’ असं म्हणाले आणि खो खो हसत सुटले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला बापाची चूक सापडल्याचा एवढा आनंद होतो, हे मला नवीन होतं. मला झालेल्या आनंदाबद्दल न लिहिणंच बरं.

मग कामाला लागलो. थोरलीने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून फळ्यांवर फिरवलं आणि मोडके खिळे हुडकून काढले. एक तरीही चुकला. माझ्या रंध्याच्या पात्याला खांडा पडला. पण रंधा नीट चालला की वरचा काळा थर जाऊन आतून हळदीसारखा पिवळा रंग निघायचा, इतक्या वर्षांनंतरही! धाकटा त्या ढलप्या कानाला अडकवून हिंडायचा.

सांधे साल-कुसवाचेच करायचे, म्हणजे एका लाकडात खाच (साल) पाडून तीत दुसऱ्याचं टोक (कुसू) बसवायचं, हा आप्पांचा हट्ट. पहिली साल मी पटाशीने इतकी ऐसपैस पाडली की कुसू आत फेऱ्या मारायला लागलं. पाचर आणि फेविकॉल, दुसरं काय. पाय सारखे करताना तर माकडाने लोणी वाटावं तशी गत झाली. हा कापला की तो लांब, तो कापला की हा. तीस इंचांचं टेबल साडेअठ्ठावीसवर आलं तेव्हा हिने येऊन करवतच उचलून नेली.

वरच्या चार फळ्या मी स्क्रूने गच्च आवळणार, एवढ्यात वाडीतले सुतारकाका चहाला आले. म्हणाले, ‘असं बांधून घातलंत तर पावसात छाती काढील. फळी आडवी फुगते, लांबीला नाही.’ म्हणून आडव्या पट्ट्यांना लांबट भोकं पाडली, स्क्रूला सरकायला जागा ठेवली. काल आप्पांनी टेप लावून पाहिलं. अडीच फुटांच्या रुंदीत एक सूत वाढलंय. हा फरक त्यांना मान्य आहे.

फळ्यांची खालची बाजू मात्र त्यांनी रंधू दिली नाही. ‘ती तशीच असू दे.’ धाकटा दुपारी टेबलाखाली उताणा पडून ते खवले मोजतो. पायांच्या बुडांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं, तेही आप्पांनी बजावलेलं असताना उघड्या हाताने; माझ्या दोन बोटांची सालं अजून जातायत. आणि टेबल अजूनही किंचित डुगडुगायचंच, म्हणून परवा आप्पांनी कपाटातून तो पाटीचा तुकडा आणून आखूड पायाखाली सरकवला. आता हलत नाही.

गणपतीला येशील तेव्हा तुझ्या काकांचं जुनं गिरमिट माळ्यावर कुठे पडलंय का बघ आणि घेऊन ये. चार फळ्या टेबलाला गेल्या, दोन बाकड्याला. उरलेल्या आठांतून झोपाळा करायचा घाट आप्पांनी घातलाय. कड्या आणूनही ठेवल्यात. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मी