देणगीवर पहिला हक्क देखभालीचा

महोदय,

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर, फुकट मिळते म्हणून ते फुकटातच चालते, हा आपल्याकडचा समज आता थोडा सैल होतो आहे. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला, हे स्वागतार्हच. मात्र जमलेला पैसा नेमका कशावर खर्च व्हावा, याची चर्चा त्या मानाने फारशी होत नाही.

माझ्या मते त्यावर पहिला हक्क देखभालीचा आहे. असंख्य संकेतस्थळांवरील देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये 2014 साली ‘हार्टब्लीड’ हे भगदाड उघडकीस आले. दोन वर्षांपूर्वी एका नव्या सोयीबरोबर शिरलेली ती चूक तोवर उघड झाली नव्हती, आणि प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या जेमतेम दोन हजार डॉलरच्या. कळसासाठी वर्गणी लगेच जमते, रोजच्या दिवाबत्तीला कोणी पुढे येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पैसे आले की स्वयंसेवकांचा उत्साह मावळतो, हा आक्षेप पोकळ नाही. डेबियन या स्वयंसेवकांनी घडवलेल्या मुक्त संगणक-प्रणालीची आवृत्ती वेळेत निघावी म्हणून 2006 मध्ये दोघा प्रकाशन व्यवस्थापकांना मानधन देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा नाराज झालेल्या काहींनी आपले काम मंदावले आणि डिसेंबरात अपेक्षित असलेली आवृत्ती एप्रिल 2007 मध्ये आली. तरीही त्याच डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा-दुरुस्ती 2014 पासून प्रायोजकांच्या पैशातून सुरू आहे. मोबदला तासांवर मिळतो आणि कोणी किती तास कशावर घालवले, याचे मासिक अहवाल जाहीर होतात. 2006 चा वाद पैशापेक्षा तो कोणाला द्यायचा या निवडीचा होता, असे मला वाटते.

दात्यांच्या समजुतीचाही प्रश्न आहेच. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्स घडवण्यासाठी वापरली जात नाही. ब्राउझरचा खर्च मुख्यतः शोधयंत्रांशी झालेल्या करारांतून निघतो. संस्था हे लपवत नाही, पण फायरफॉक्सच्या प्रेमापोटी पैसे देणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल! त्याच घरातला थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम मात्र प्रामुख्याने देणग्यांवर चालतो, वार्षिक हिशेब प्रसिद्ध करतो आणि त्यातला मोठा वाटा पगारांवर खर्च होतो.

परिषदा आणि प्रवास यांना माझा विरोध नाही, पण त्यांचा क्रम दुरुस्त्यांनंतरचा असावा. देणगी मागतानाच मागील वर्षाचा जमाखर्च आणि पुढील वर्षी दुरुस्त्यांना लागणाऱ्या तासांचा अंदाज प्रकल्पांनी समोर ठेवावा, अशी अपेक्षा दात्याने बाळगली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.

आपला,
एक वाचक, पुणे