विषय: आर-290 (शुद्ध प्रोपेन) गॅसवर चालणाऱ्या एसीमध्ये तुमच्या टेक्निशियनने भरलेला शेगडीचा गॅस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कॉल सेंटरने माझी तक्रार आज पुन्हा परस्पर बंद केली, म्हणून हे लेखी.

तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस 'गॅस संपलाय' म्हणाला आणि स्कूटरवरून छोटा सिलिंडर घेऊन वर आला. गळती शोधली नाही, व्हॅक्यूम करून नळ्यांतली हवा काढली नाही, वजनकाटा तर आणलाच नव्हता. नळी हाताला गार लागली, की झालं चार्जिंग! गॅलरीभर शेगडीच्या गॅसचा वास. आर-290 ला असा वास नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सुपरवायझरला फोन लावला. "मॅडम, कूलिंग येतंय ना?" येतंय, पण आत एलपीजी आहे, मी म्हटलं. "आर-290 म्हणजे प्रोपेन, एलपीजी म्हणजे पण प्रोपेनच. त्यावर स्वयंपाक करता ना रोज? मग भीती कसली?" मी म्हटलं, त्यात ब्यूटेनही असतो. त्यावर हा माणूस म्हणतो, "घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या." मी दिला नाही. पुन्हा विचारलं, तर फोन ठेवला.

ब्यूटेनचं उत्तर मग तुम्ही द्या. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. सिलिंडरमधलं त्यांचं प्रमाणही ठरलेलं नसतं, वर वासासाठी गंधकयुक्त मरकॅप्टन. तुमचा कॉम्प्रेसर यासाठी बनवलाय का? हवेत प्रोपेन 2 टक्क्यांच्या जरा वर गेला की ठिणगीने पेटतो. म्हणून तर आउटडोअरच्या पट्टीवर गॅस किती ग्रॅम ते छापता. आणि तुमच्या माणसाकडे वजनकाटा नाही! त्याच खोलीत सासूबाई जमिनीवर गादी घालून झोपतात, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो.

दुकानदार आर-32 चा एसी घ्या म्हणत होता. त्या गॅसची तापमानवाढीची क्षमता (कार्बन डायऑक्साइडची 1 धरून) 675, आर-290 ची जेमतेम 3, म्हणून मी हट्टाने तुमचा घेतला. हा गॅस चांगलाच आहे. तो हाताळायला शिकलेली माणसं तुम्ही ठेवली नाहीत, याचा मला संताप आहे.

प्रशिक्षित माणूस पाठवा. आतला गॅस सुरक्षितपणे काढून, गळती बुजवून, आर-290 माझ्यासमोर वजन करून भरा. कॉम्प्रेसर तपासून अहवाल द्या. आठवड्यात झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन. सिलिंडरचे फोटो माझ्याकडे आहेत.

एसीचा मेन स्विच बंद ठेवलाय. उत्तर लेखी द्या, फोन नको.

तक्रारदार ग्राहक,
डोंबिवली