जलपर्णी काढाल, फॉस्फरसचे काय?

‘नदीतील जलपर्णी काढण्यासाठी पुन्हा निविदा’ हे वृत्त वाचले. जलपर्णी काढायलाच हवी. डासांचा त्रास काय असतो ते मुळा-मुठेकाठच्या रहिवाशांना विचारावे. पण ती पोसली जाते सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांनी एका तळ्यात मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन सोडले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, पलीकडची नितळ राहिली. नायट्रोजनही आवरावा का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. फॉस्फरस आवरण्यावर नाही.

आपल्याकडे मात्र शुद्धीकरण प्रकल्पाचे यश मुख्यतः बीओडीवर, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो या मापावर मोजतात. बीओडी उतरला तरी विरघळलेला फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो आणि भीमेतून उजनीत पोहोचतो. शिवाय उपसलेल्या जलपर्णीचे ढीग काठावरच पडून राहतात. काही दिवसांत ते बसतात, कुजतात आणि त्यांचा काळा रस ओघळत पुन्हा पात्रात जातो. म्हणजे पैसे मोजून नदीला खतच घातले की! जलपर्णी पात्रापासून दूर नेऊन तिचे कंपोस्ट करण्याची अट निविदेत असावी आणि प्रत्येक प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील फॉस्फरसचे आकडे दरमहा जाहीर व्हावेत.

– एक वाचक, इंदापूर