सातारा ‘खालसा’ होण्याआधी महाराज गेले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर लेख आला, याचा आधी मनापासून आनंद झाला. पण त्यात ‘वारस नसल्याने डलहौसीने महाराजांना पदच्युत करून सातारा खालसा केला’ असे वाक्य आहे. मी साताऱ्यात ३१ वर्षे इतिहास शिकवला. हेच वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये इतक्यांदा लाल शाईने खोडले आहे, की छापील कागदावर ते पाहून हात आपोआप पेनकडे गेला.

महाराजांना पदच्युत केले ५ सप्टेंबर १८३९ रोजी. तेव्हा पुढचा गव्हर्नर जनरल डलहौसी हिंदुस्थानात आलाही नव्हता. महाराजांच्या जागी ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचे धाकटे भाऊ शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, यांना बसवले. ते ५ एप्रिल १८४८ रोजी वारले आणि मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नाकारले. खालसा झाले ते या वेळी. महाराज त्याआधीच, ऑक्टोबर १८४७ मध्ये, काशीला नजरकैदेत वारले होते. या दोन घटना एकत्र केल्या की अन्याय कोणता आणि तो कोणत्या मार्गाने झाला, हेच झाकले जाते. मूल नव्हते म्हणून राज्य गेले, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात राजा हयात होता, शहाणा होता, रोजनिशी ठेवत होता, शाळा, रस्ते, पाणीपुरवठा करत होता, आणि त्याला पहाटे राजवाड्यातून उचलले गेले.

का उचलले, यावरही आपल्याकडे दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक गट म्हणतो, ब्राह्मणांनी राजा घालवला. दुसरा म्हणतो, सगळे इंग्रजांचे कारस्थान, जातीचा विषय काढूच नका. वर्गात मी दोन्ही उत्तरांना निम्मे गुण देत असे.

राजकीय बाजू आधी सांगते. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत महाराज दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या छावणीतून इंग्रजांच्या हाती आले आणि एप्रिलमध्ये कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यांना साताऱ्याला गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा आणि वारणा यांच्यामधला मुलूख त्यांना मिळाला, पण त्यात एक कलम असे होते की रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला, वगळून बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही, केल्यास तहाचे सगळे फायदे बुडतील. या कलमात फास आधीच विणलेला होता. मग भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट या जहागिरींवर अधिकार कोणाचा, हा वाद निघाला. महाराज तहाचे शब्द पुढे करून आपला हक्क मागत राहिले आणि मुंबई सरकारला असा मागणारा राजा नको होता. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी मात्र १८३५ मध्ये त्यांच्या कारभाराची स्तुती करून मानाची तलवार पाठवायचे ठरवले. ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही.

आता धर्माची बाजू. कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण विद्यार्थ्यांना माहीत असते, पण त्याच्या कितीतरी आधी साताऱ्यात तोच वाद पेटला होता. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, म्हणून भोसल्यांचे आणि कायस्थ प्रभू ज्ञातीचे संस्कार वेदमंत्रांनी होऊ नयेत, असा पुण्या-सांगलीकडच्या काही शास्त्रीमंडळींचा आग्रह होता आणि सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांचे बळ त्यामागे होते. छत्रपतींच्या दृष्टीने हा मानापमानापुरता प्रश्न नव्हता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्या अधिकाराने झाला, तोच अधिकार नाकारला जात होता. प्रतापसिंहांनी उदयपूरकडे वंशाची चौकशी केली, साताऱ्यात शास्त्रार्थ भरवला आणि प्रभूंची बाजू उघडपणे उचलून धरली.

इंग्रज म्हणत, आम्ही धर्मात पडत नाही. पण या भांडणातून जी माणसे राजावर चिडून बसली, ती त्यांच्या उपयोगी पडली. बाळाजीपंत नातू हे त्यांतले प्रमुख. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवताना ते पुढे होते आणि नंतर रेसिडेंट ग्रँटच्या हाताखाली साताऱ्याच्या कारभारातही होते. येथे मला तितक्याच ठामपणे दुसरेही सांगायचे आहे. महाराजांच्या बाजूने शास्त्रार्थ करणारे राघवाचार्य गजेंद्रगडकर ब्राह्मणच होते. आणि गादीवर बसायला तयार झाला तो सख्खा भाऊ होता. संपूर्ण जातीवर खापर फोडणाऱ्यांनी ही दोन माणसे विसरू नयेत.

आरोप तीन होते. १८३६ मध्ये २३ व्या पलटणीतल्या सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी संधान, आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. पोर्तुगालमध्ये १८३४ पर्यंत यादवी चालली होती. नागपूरकर भोसले जोधपूरला दुसऱ्याच्या आश्रयाने दिवस काढत होते. या दोघांच्या जोरावर कोणी कंपनीचे राज्य उलथवायला निघेल, हे मला आजही पटत नाही. चौकशी बंद दाराआड झाली. दिवाण गोविंदरावांना कैदेत टाकले, आणि त्यांच्या आईच्या नावाने महाराजांविरुद्ध सरकारात गेलेला अर्ज दुसऱ्यानेच लिहिला होता, हे पुढे उघडकीला आले.

तरीही गादी वाचवता आली असती, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. मागचे सगळे माफ करतो, फक्त एका कागदावर सही करा, असे त्याचे म्हणणे होते. त्या कागदात तह मोडल्याची कबुली होती. आणि आणखी एक अट होती : बळवंतराव चिटणीसांना दूर करा. चिटणीस प्रभू होते, वेदोक्ताच्या वादातले महाराजांचे जवळचे माणूस. गव्हर्नरच्या राजकीय कागदात हे नाव यावे, याचा अर्थ धर्माचा वाद आणि सत्तेचा वाद तोवर एकमेकांत पुरते गुंतले होते. त्यांतले एकच सूत ओढून उत्तर निघत नाही, असे मी म्हणते ते यासाठी.

महाराजांनी सही केली नाही. जे केले नाही ते कबूल करून राज्य ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ५ तारखेच्या पहाटे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स फौज घेऊन राजवाड्यात शिरला. आपल्या माणसांनी हत्यार उचलू नये, असे महाराजांनी आधीच बजावले होते. त्यांना आधी लिंब गावी नेले आणि तेथून काशीच्या वाटेला लावले. बरोबर निघालेले बाळासाहेब सेनापती त्या प्रवासातच वारले. महाराजांचे वकील रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे दारे ठोठावत राहिले. त्यांच्या मुलाला १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर फाशी झाली.

लिंबची बारा मोटांची विहीर पाहायला आता खूप लोक येतात. विहिरीची सुबक बांधणी पाहतात, फोटो काढतात. पदच्युत झालेला छत्रपती सातारा सोडताना याच गावी आणला होता, हे तेथे आलेल्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. मी मुलांना सहलीला नेत असे तेव्हा विहीर पाहून झाली की काठावर बसवून आधी ती पहाट सांगत असे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, सही केली असती तर आपलं राज्य राहिलं असतं का?” मी तिला सांगितले, की ज्यांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले ते आप्पासाहेब गादीवर बसले, आणि तरीही नऊ वर्षांतच, ते वारताच, राज्य गेले. ती गप्प झाली. मीही.

आपल्याला विनंती एवढीच, की त्या वाक्याची दुरुस्ती छापावी आणि त्यात १८३९ व १८४८ ही दोन्ही साले वेगवेगळी द्यावीत. ५ सप्टेंबरला आपण दरवर्षी शिक्षक दिनाची पुरवणी काढता. त्याच तारखेचा हा प्रसंग तिच्या एखाद्या कोपऱ्यात यावा. मजकूर हवा असल्यास मी लिहून देईन, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा