बेरीज चुकली, वजनही चुकलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडापानावर गेनाडी गोलोवकिनवरचा लेख वाचला. कझाकस्तानच्या बॉक्सरला मराठी दैनिकात अर्धं पान मिळालं, त्याबद्दल आधी आभार मानून घेतो. पुढे मानण्यासारखं फारसं काही नाही.

2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकचं सुवर्ण तुम्ही त्याच्या गळ्यात घातलंत. ते बख्तियार आर्तायेवचं, 69 किलो गटातलं. गोलोवकिन 75 किलोत होता. उपांत्य फेरीत त्याने अमेरिकेच्या आंद्रे डिरेलला 23-18 असं हरवलं आणि अंतिम लढतीत रशियाच्या गायदारबेकोव्हकडून 28-18 असा हरला. म्हणजे रौप्य. त्याचं सोनं आदल्या वर्षीचं, बँकॉकच्या जागतिक स्पर्धेतलं, आणि नेमका त्याचाच लेखात पत्ता नाही. 'व्यावसायिक गटात 160 किलो वजनात खेळला' हे वाक्य तर कुणीच तपासलेलं दिसत नाही. 160 पौंड हो! साडेबहात्तर किलो.

मग ती बेरीज. हौशी कारकिर्दीतले 345 विजय (हा आकडा सगळीकडे असाच सांगितला जातो) अधिक व्यावसायिक 42, एकूण 387, आणि वर 'विक्रमी' हे विशेषण. या दोन रकमा एका वहीत मांडताच येत नाहीत. अथेन्सला दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या, डोक्याला हेडगार्ड, आणि गुण यंत्रावर. पाच पंचांपुढे लाल आणि निळं अशी बटणं, पाचांपैकी निदान तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तरच एक गुण. पोटावर, बरगड्यांखाली बसलेला ठोसा तिघांना एकाच क्षणी स्वच्छ दिसणं कठीण, त्यामुळे तो बहुधा वायाच जायचा. साहजिकच सगळे लांबून, सरळ, चेहऱ्यावर मारायचे. व्यावसायिक जेतेपदाची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची. तिथे पोटावरचा ठोसा गुण देवो न देवो, नवव्या-दहाव्या फेरीत समोरच्याचे पाय जड करतो.

2006 मध्ये जर्मनीत व्यावसायिक झालेल्या गोलोवकिनला 2010 पासून कॅलिफोर्नियात बिग बेअरच्या डोंगरात प्रशिक्षक एबल सांचेझने घडवलं, ते यासाठीच. प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावायचं नाही. तो ज्या बाजूला सरकेल तिकडे आडवं पाऊल टाकून वाट बंद करायची आणि त्याला रिंगच्या दोरांवर न्यायचं. डावा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, सतत तोंडावर. मग डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, डोक्याकडे, की समोरच्याचा उजवा हात वर जातो, कोपर उचललं जातं, आणि पुढचा डावा हुक त्या मोकळ्या जागेत, यकृतावर. जून 2013 मध्ये मॅथ्यू मॅक्लिन तिसऱ्या फेरीत असाच बरगड्या धरून पडला, दहा आकडे होईपर्यंत उठला नाही. सलग 23 नॉकआउट असे आले. मार्च 2017 मध्ये डॅनियल जेकब्स पूर्ण बारा फेऱ्या टिकला, तेव्हा ती मालिका थांबली.

पण पत्राला हात घालायला लावला तो चौकटीतल्या एका ओळीने: 'अल्वारेझकडून तीनदा पराभूत'. मेक्सिकोच्या सॉल 'कनेलो' अल्वारेझकडून तो हरला तो तीनदा नाही, दोनदा. 16 सप्टेंबर 2017 ची लास वेगासची पहिली लढत बरोबरीत सुटली, आणि कशी सुटली ते सांगायलाच हवं. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुधा 9, आणि तिन्ही पंचांची बारा फेऱ्यांची कार्डं अशी. डेव्ह मोरेटी: 115-113, गोलोवकिन. डॉन ट्रेला: 114-114. अॅडलेड बर्ड: 118-110, अल्वारेझ! म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या अल्वारेझच्या. अधिकृत नसलेली पण सर्वमान्य ठोशांची मोजणी गोलोवकिन 218, अल्वारेझ 169 अशी होती. पंच रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात, कुणाला पाठ दिसते, कुणाला चेहरा, एखाद-दुसऱ्या फेरीचा फरक पडतोच. दहा-दोन असं आठ फेऱ्यांचं अंतर बसण्याच्या जागेने पडत नाही. गंमत म्हणजे या बर्डबाईंनीसुद्धा सातवी फेरी गोलोवकिनला दिली होती, आणि ट्रेला यांनी तीच अल्वारेझला. ती एक फेरी उलटी असती तर ट्रेलांचं कार्ड 115-113 असं गोलोवकिनचं झालं असतं, तो जिंकला असता आणि बर्डबाईंच्या कार्डाचं कुणी नाव काढलं नसतं. शेवटच्या तीन फेऱ्या तिन्ही पंचांनी अल्वारेझला दिल्या आणि तो तिथे जोरात होता, हेही खरंच.

2018 चा पराभव एका कार्डावर बरोबरी, दोनांवर 115-113. त्याआधी मे महिन्यात ठरलेली हीच लढत अल्वारेझच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडल्याने रद्द झाली होती. लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही. 2022 ला मात्र गोलोवकिन साफ हरला, तेव्हा तो चाळिशीचा होता आणि लढत त्याच्या नेहमीच्या 160 ऐवजी 168 पौंडांत होती. पहिल्या लढतीलाच तो 35 चा, अल्वारेझ 27 चा. त्याची उमेदीची वर्षं जर्मनीत तिथल्या जगज्जेत्या फेलिक्स स्टुर्मची वाट पाहण्यात गेली, ती लढत शेवटपर्यंत झालीच नाही. 'मोठ्या लढतीत कच खातो' असं लिहिण्याआधी एवढं तरी बघावं.

आणखी एक. 'कझाकस्तानचा पहिला व्यावसायिक जगज्जेता' हा किताबही परत घ्यावा लागेल. वासिली जिरोव्ह 1996 चा अटलांटा सुवर्णविजेता, 1999 मध्ये आयबीएफ या जागतिक संघटनेचा क्रूझरवेट वजनगटातला विजेता. बेबुत शुमेनोव्हने डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा जानेवारी 2010 मध्ये घेतला. गोलोवकिनचा अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या विजेत्याचा, पट्टा त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला.

दुरुस्ती छापणार असाल तर निदान पदक आणि किलो तरी छापा. आणि 'आज टीव्हीवर' या रकान्यात लास वेगासच्या लढती शनिवारी रात्री दाखवणं कृपया थांबवा. तिथली शनिवार रात्र म्हणजे आपल्याकडे रविवार सकाळ, सप्टेंबरात फरक साडेबारा तासांचा. मुख्य लढत नऊच्या आसपास, चहाच्या वेळेला येते.

आपला,
एक वाचक, सांगली