गोळीला मात्रा असते, तशी गाण्यालाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिमेन्शियावरचे (स्मृती आणि समज हळूहळू हरवत जाण्याच्या आजारावरचे) बरेचसे लेख शेवटी एकाच सल्ल्यावर येऊन थांबतात: गाणी ऐकवा, जुने फोटो दाखवा, कोडी सोडवायला द्या, प्रेमाने वागा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला 'गोळी घेत जा' एवढेच सांगून कोणी घरी पाठवत नाही. कोणती, किती, केव्हा हे चिठ्ठीवर लिहिलेले असते. बिनऔषधी उपचारांची चिठ्ठी मात्र कोरीच राहते. मग घरचे लोक आठवडाभर गाणी लावतात, फरक दिसत नाही आणि शांत करणाऱ्या गोळीची मागणी होते. त्या कोऱ्या चिठ्ठीवर काय लिहिता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात गाण्यापासूनच करू. अस्वस्थता रोज साधारण किती वाजता वाढते, हे आधी आठ-दहा दिवस टिपून ठेवावे. समजा ती पाचला वाढते, तर गाणी साडेचारला लावायची आणि अर्ध्या तासाने बंद करायची. पाचला लावली तर उशीर झालेला असतो; चिडलेल्या माणसाला गाणे म्हणजे आणखी एक गोंगाट. दिवसभर मागे वाजत ठेवलेल्या संगीताचेही तेच होते. निवड त्या माणसाच्या वयाच्या दहा ते तीस या वर्षांतली असावी, कारण त्या काळातल्या आठवणी सर्वांत दाट आणि चिवट असतात. घरच्यांना जे 'शांत' वाटते ते त्याला परके असू शकते. मध्येच जाहिरात किंवा निवेदकाचा आवाज येणार नाही असे बघावे, टीव्ही बंद, श्रवणयंत्र कानात. आणि चेहऱ्याकडे लक्ष. एखादे गाणे जुन्या दुःखाला जोडलेले असते. डोळे पाणावले तर लगेच घाबरायचे कारण नाही, पण माणूस कासावीस झाला तर ते गाणे यादीतून कायमचे काढावे.

कोड्यांचे गणित वेगळे आहे. शब्दकोड्याला एकच बरोबर उत्तर असते, म्हणजे ती परीक्षाच झाली, आणि नापास होण्याची भीती या माणसांना पुरेपूर असते. ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 201 जणांवर केलेली बोधात्मक उत्तेजन उपचाराची, म्हणजे गटात गप्पा आणि खेळांतून विचारांना चालना देण्याची, चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातली मात्रा स्पष्ट होती: आठवड्यातून दोनदा, 45 मिनिटे, सात आठवडे, एकूण 14 सत्रे. गटात पाच ते आठ जण. स्मृती-विचारांच्या चाचणीत दिसलेला फायदा डिमेन्शियाच्या गोळ्यांच्या चाचण्यांशी तुलना करण्याजोगा होता. तिथे तारीख-वार विचारत नाहीत, मत विचारतात. दोन चित्रे समोर ठेवून 'यात सारखं काय, वेगळं काय, तुम्हाला कुठलं आवडलं?' याला चूक उत्तरच नाही. ब्रिटनची 2018 ची मार्गदर्शक सूचना हा उपचार सौम्य ते मध्यम अवस्थेसाठी सुचवते. तीव्र अवस्थेत तो रेटू नये. तिथे स्पर्श, ओळखीचे वास आणि हाताला सवयीचे काम जास्त उपयोगी पडते.

चष्मा कुठे ठेवला, काठी घेतल्याशिवाय उठायचे नाही, अशी एखादी नेमकी गोष्ट शिकवायची असेल तर अंतर वाढवत विचारण्याची पद्धत आहे. 'चष्मा कुठे ठेवायचा?' 'खिडकीजवळच्या निळ्या डब्यात.' उत्तर आपणच सांगायचे, लगेच म्हणवून घ्यायचे, मग 15 सेकंदांनी, 30 सेकंदांनी, एक मिनिटाने, दोन, चार, आठ. मधला वेळ गप्पांत घालवायचा. चुकले तर 'आठवून बघा' म्हणायचे नाही. उत्तर सांगायचे, म्हणवून घ्यायचे आणि जिथे जमले होते त्या अंतरावर परत यायचे. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच डोक्यात बसते आणि मग ते निघत नाही, म्हणून हा आटापिटा. एका वेळी एकच गोष्ट.

बोलण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते आणि तेही मायेपोटी. 'मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण!' हा प्रश्न बंद व्हायला हवा. पाहुण्याने समोरून यावे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि नाव-नाते स्वतःच सांगावे. एका वाक्यात एकच कृती: 'आई, हात पुढे कर.' मग मनात दहा आकडे मोजत गप्प राहायचे. आपण तिसऱ्या सेकंदाला तेच वेगळ्या शब्दांत सांगतो आणि तिच्या मेंदूत सुरू झालेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुन्हा सांगायचेच असेल तर तेच शब्द वापरावेत. मराठीत आणखी एक अडचण आहे: नकार शेवटी येतो. 'बाबा, उठू नका' यातला 'उठू' आधी कानात जातो, 'नका' विरून जातो. त्यापेक्षा 'बाबा, इथे बसा' बरे.

'मला घरी जायचंय, आई वाट बघतेय' असे ऐंशीच्या माणसाने म्हटले तर? एकेकाळी उत्तर ठरलेले होते: आज अमुक तारीख, तुमची आई कधीच गेली. ही वास्तवाची जाणीव देण्याची पद्धत अमेरिकेत 1950 च्या दशकाअखेर रुजली. तारखेचा फलक भिंतीवर असणे आजही चांगलेच. पण आईच्या मृत्यूची बातमी दर वेळी नव्याने ऐकणे म्हणजे दर वेळी नव्याने पोरके होणे. अमेरिकेतल्या समाजसेविका नेओमी फाइल यांनी 1960 च्या दशकापासून घडवलेल्या पद्धतीत शब्दांमागच्या भावनेला उत्तर देतात. 'आईची आठवण येतेय? ती काय काय करायची?' कोण, काय, कुठे, कसे हे विचारावे. 'का' विचारू नये, कारण त्याचे उत्तर देता येत नाही आणि माणूस कोंडीत सापडतो. 'आई येतेच आहे' हे खोटेही माझ्या मते टाळावे. मग ती व्यक्ती दारात जाऊन उभी राहते, आणि संध्याकाळचे भांडण तिथेच सुरू होते.

आता खोली. साठीच्या डोळ्यात विशीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यात डिमेन्शियाने खोल-उथळाचा आणि आकाराचा अंदाज बिघडवलेला असतो. त्यामुळे फिक्या फरशीवरचे गडद पायपुसणे खड्डा वाटते, चकचकीत फरशी ओली वाटते, आणि माणूस दारातच अडतो. आपण त्याला हट्टी म्हणतो. पायपुसणे काढले की चालतो. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरे कमोड, त्यावर पांढरी बैठक, हे तर त्याला दिसतच नाही. बैठक गडद रंगाची घ्यावी. पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो याचा अंक रंगाच्या पत्रकावर अनेकदा छापलेला असतो. शेजारच्या दोन पृष्ठभागांत किमान 30 अंकांचा फरक ठेवावा. नुसते वेगळे रंग पुरत नाहीत, लाल आणि गडद हिरवा त्याला सारखेच काळपट दिसू शकतात. उलट, जे दार त्याच्या नजरेत येऊ नये ते भिंतीच्याच रंगात रंगवावे.

शौचालयाचे दार पलंगावरून दिसले पाहिजे आणि रात्री ते उघडे, आत मंद दिवा. पाटी 1.2 मीटरच्या आसपास, चित्र आणि शब्द दोन्ही. वयस्कर माणूस खाली बघत चालतो, डोक्यावरची पाटी आपल्यासाठीच राहते. दिवे अंधार पडण्याआधी लावावेत आणि पडदे ओढावेत, नाहीतर काचेत दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब कोणी घुसखोर ठरते. ताटाचेही तसेच. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक लाल भांडी दिल्यावर खाणे सरासरी 25 टक्क्यांनी आणि पिणे 84 टक्क्यांनी वाढले. रुग्ण अवघे नऊ होते, म्हणून आकडे जपून घ्यावेत. पण ताट बदलून बघायला चिठ्ठी लागत नाही.

आणि तरीही आरडाओरडा, मारणे, ओरबाडणे सुरू झाले तर आधी शरीर तपासावे. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बदल झाला असेल तर तो डिमेन्शिया वाढल्यामुळे नाही असेच धरून चालावे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कमी पाणी, नवे सुरू झालेले औषध: त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुखणे सांगता येत नसेल तर श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देण्याची साधी मोजपट्टी आहे. अंघोळीच्या वेळी, कूस बदलताना ती भरावी, स्वस्थ बसलेले असताना नव्हे. नॉर्वेतल्या 352 रुग्णांच्या 2011 सालच्या चाचणीत आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार केल्यावर अस्वस्थता 17 टक्क्यांनी घटली. बहुतेकांना दिलेले औषध साधे पॅरासिटामॉल होते.

शांत करण्यासाठी देतात त्या मनोविकृतीवरच्या (अँटिसायकोटिक) गोळ्या शेवटी का, याचे कारण: अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने 2005 मध्ये 17 चाचण्या तपासून ठळक इशारा दिला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 4.5 टक्के, न घेणाऱ्यांत 2.6 टक्के. डिमेन्शियाच्या ल्युई बॉडी या प्रकारात तर यामुळे शरीर आखडून जीव धोक्यात येऊ शकतो. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, किंवा त्रास असह्य असेल, तेव्हा त्या लागतातच. पण सर्वांत कमी मात्रेत, आणि किमान दर सहा आठवड्यांनी फेरविचार करून. परस्पर बंदही करू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना 'फार त्रास देतात' एवढेच न सांगता दोन आठवड्यांची वही न्यावी: वेळ, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडले, नेमके काय केले, आपण काय केले, किती मिनिटांत निवळले. शेवटचे शौच कधी झाले आणि झोप किती लागली, हे रकाने बहुतेक वह्यांत नसतात. ते आखून घ्यावेत.

आपला,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ