निळी चकती

लातूर, रविवार

प्रिय दत्ता,

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास, म्हणून लिहितोय. आमचं वॉशिंग मशीन मी दुरुस्त केलं. मीच!

परवाच्या अवकाळीत डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला. बल्ब आधी लख्ख झाले, मग गेले. २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट घरात शिरले असणार. मशीन मुकं. मेकॅनिकनं पाच मिनिटांत निकाल दिला, "बोर्ड गेला, साडेचार हजार." त्याचा राग नाही रे. दिवसाला दहा घरं करायची तर एकेक पार्ट हुडकत बसणं त्याला कसं परवडेल? मला मात्र सुट्टी होती.

बोर्डावर पाण्यापासून बचावाला जेलीसारखा थर ओतलेला असतो. तो लाकडी काडीनं खरवडण्यातच दुपार गेली. माय दोनदा डोकावून म्हणाली, "उगं कशाला हात घालायलास?" खाली फ्यूज उडालेला अन् शेजारी एक निळी चकती तडकून काळी झालेली. व्हॅरिस्टर! तिच्यावर ४७१ लिहिलेलं. म्हणजे ४७ पुढं एक शून्य, ४७० व्होल्ट. दाब त्यापुढं गेला की ही बया सगळा करंट स्वतःतून जाऊ देते, फ्यूज उडतो अन् मागची नाजूक मंडळी वाचतात. बाकीचा बोर्ड मल्टीमीटरनं तपासला, ठीक निघाला. मल्टीमीटर शेजाऱ्याचा. माझा कुठंय ते तुला माहीतच आहे.

गंजगोलाईत चकती अन् फ्यूज मिळून वीस रुपये लागले. दुकानदार म्हणतो, "फ्यूज कशाला, तार टाका!" म्हणजे पुढच्या वेळी चकतीऐवजी घरच पेटायचं.

पहिल्यांदा सप्लाय थेट दिला नाही, १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला, म्हणजे मशीनचा करंट त्याच्यातूनच जाईल असा. शॉर्ट असता तर तो भक्क पेटून राहिला असता. क्षणभर चमकला अन् मंदावला. आनंदात प्लग काढला, सोल्डरचा एक टाका कच्चा वाटला म्हणून लगेच बोट लावलं, अन् असा झटका बसला की पकड पार दाराबाहेर! वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरात सव्वातीनशे व्होल्ट तसेच बसलेले. आयटीआयला सरांनी हेच शंभरदा सांगितलं होतं, तेव्हा आपण मागच्या बाकावर चिंचा खात होतो. हे मायला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

संध्याकाळी थर परत सिलिकॉननं बुजवला. आज चादरी धुतल्या.

तुझा तो बंद पडलेला इन्व्हर्टर भंगारात घालू नकोस. दिवाळीला येताना घेऊन ये, अन् माझा मल्टीमीटरही.

तुझा,
बाळू